विमानाचा 'किरकोळ बिघाड' आणि लोकलचं उघडं दार

कल्याण, डोंबिवली, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. या पट्ट्यातला माणूस बातम्या कुठे वाचतो? गाडीत. एक हात दांडीला, दुसऱ्या हातात मोबाइल, पाठीवरची बॅग पुढे घेतलेली आणि निम्मं अंग दाराबाहेर. त्या अवस्थेत स्क्रीनवर लाल पट्टी येते: 'विमानात तांत्रिक बिघाड, 180 प्रवासी थोडक्यात बचावले'. उघडून वाचलं की कळतं, विमान जागेवरून हललंच नव्हतं. कुठला तरी दिवा पेटला, वैमानिकाने उड्डाण थांबवलं, प्रवाशांना उतरवून दुसऱ्या विमानात बसवलं. थोडक्यात कोण बचावलं, ते गाडीच्या दारात लटकून ही बातमी वाचणाऱ्याला विचारावं.

जून ते डिसेंबर 2025 या सहा महिन्यांत अशा बातम्यांचा पूर आला. आमच्याकडे कौसा, कल्याणचा दूधनाका, भिवंडी इथून वाचकांचे निरोप येतात: "हे खरं आहे का? मुलगा परवा दुबईला निघतोय." कौशात आमच्या ओळखीच्या एक खाला आहेत, मुलगा शारजात नोकरीला. त्या आता विमान कंपनीचं नाव कानावर आलं तरी टीव्हीचा आवाज वाढवतात आणि मग रात्रभर जागतात. त्यांना चूक म्हणता येत नाही. आमच्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते, आणि दरवर्षी हज-उमराहला जाणारे आपलेच अब्बा-अम्मी असतात. विमान ही आता फक्त श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. म्हणून हा विषय नीट बघायला हवा असं आम्हाला वाटलं.

सुरुवात जूनपासून करू. 9 जून 2025, सोमवार. बकरी ईदचा तिसरा दिवस, सकाळी नवाच्या पुढची वेळ. दिवा आणि मुंब्रा स्टेशनांच्या दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासले आणि रुळांवर पडले. त्याच दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. त्यात रेल्वे पोलिसातला एक शिपाईही होता. वाहिन्या मुंब्र्याला आल्या, नेते आले, राजीनाम्याच्या मागण्या झाल्या.

तीन दिवसांनी, 12 जूनला, अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोईंग 787 उड्डाणानंतर काही सेकंदांत कोसळलं. विमानात 242 माणसं होती, एक वाचला. वसतिगृहाच्या इमारतीतली आणि आसपासची 19 माणसं गेली. एकूण 260 जीव. मृतांमध्ये डोंबिवलीची एक हवाई कर्मचारीही होती. मुंब्र्यात उभे असलेले कॅमेरे उचलले गेले आणि डोंबिवलीच्या त्या घराच्या जिन्यात लागले. शोकात बसलेल्या माणसांच्या तोंडासमोर माइक धरून "तुम्हाला काय वाटतंय?" हा प्रश्न त्या दिवशी किती वेळा विचारला गेला असेल, देव जाणे.

इतका मोठा अपघात झाल्यावर लोक घाबरणारच आणि माध्यमं त्यावर बोलणारच. ते स्वाभाविक आहे. पण त्यानंतरचा आठवडा आठवून बघा. 13 जूनला फुकेतहून दिल्लीला निघालेलं विमान बॉम्बच्या धमकीमुळे माघारी गेलं. 15 जूनला लंडनहून चेन्नईला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान परतलं. त्याच रविवारी सकाळी जेद्दाहून सुमारे अडीचशे हाजींना घेऊन आलेलं सौदियाचं विमान लखनौला उतरलं तेव्हा डाव्या बाजूच्या चाकातून ठिणग्या आणि धूर निघाला. सगळे हाजी सुखरूप उतरले. 16 तारखेला हाँगकाँगहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान परत गेलं. 17 तारखेला सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणाऱ्या विमानाचे प्रवासी कोलकात्यात उतरवले गेले. बॉम्बची अफवा, चाकातला धूर, पंखाच्या पट्ट्या, इंजिनाबद्दलची शंका. ही चार वेगवेगळी प्रकरणं. पण टीव्हीवर ती एकाच माळेत ओवली गेली आणि बघणाऱ्याला वाटलं की आकाशातून विमानं पिकल्या फळासारखी गळू लागली आहेत.

आता या बातम्यांमागचा आकडा बघू. जुलैच्या अखेरीस नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, आपल्या पुण्याचेच खासदार मुरलीधर मोहोळ, यांनी संसदेत लेखी उत्तर दिलं. विमान कंपन्यांनी डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, कळवलेले तांत्रिक बिघाड 2023 मध्ये 448 होते. 2024 मध्ये 421. आणि 2025 मध्ये जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत 183. त्यातले 85 एअर इंडिया समूहाचे, 62 इंडिगोचे, 28 अकासाचे आणि 8 स्पाइसजेटचे. हिशोब सरळ आहे: साडेसहा महिन्यांचे 183, म्हणजे याच गतीने वर्ष गेलं तर आकडा आधीच्या दोन वर्षांपेक्षा कमी भरतो. बिघाड वाढलेच नव्हते, वाढल्या त्या बातम्या. 2023 साली दर आठवड्याला आठ-नऊ बिघाडांची नोंद होत होती, तेव्हा कौशातल्या खाला शांत झोपत होत्या, कारण कुणी त्यांना सांगत नव्हतं.

आता हे बिघाड म्हणजे नेमकं काय, तेही थोडं समजून घेऊ. विमानातली प्रत्येक महत्त्वाची यंत्रणा दोन-तीन वेळा बसवलेली असते. हायड्रॉलिक दाबाच्या वाहिन्या एकापेक्षा जास्त, संगणक एकापेक्षा जास्त, वीज तयार करण्याचे मार्ग अनेक. एक गेलं तर दुसरं आहे, पण मग दुसऱ्याला पर्याय उरत नाही, म्हणून वैमानिक परत फिरतो. बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत, एक बंद पडली तर दुसरी चालते. तरी सोसायटी मेकॅनिकला फोन करतेच ना? तसंच. शिवाय प्रत्येक विमानाची एक मंजूर यादी असते, एमईएल म्हणतात तिला. कुठली वस्तू बंद असताना उडता येतं, कुठली नाही, आणि जी चालते ती किती दिवसांत दुरुस्त करायची, हे त्यात लिहिलेलं असतं. काहींना तीन दिवस, काहींना दहा, काहींना 120. म्हणजे तुम्ही-आम्ही बसतो त्या विमानात एखादी वस्तू नादुरुस्त असणं यात जगावेगळं काही नाही, ते नोंदवलेलं आणि मोजलेलं असतं.

परत फिरलेलं विमान हे बहुतेक वेळा यंत्रणा नीट चालल्याचं लक्षण असतं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या आखाती प्रवाशांचंच आहे. 11 ऑक्टोबर 2024. तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोईंग 737. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास उडालं आणि लगेच हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड असल्याचं वैमानिकांना कळलं. विमानात 141 जण. मग अडीच तास ते विमान त्रिचीवर घिरट्या घालत राहिलं आणि देशभरच्या वाहिन्यांनी ते थेट दाखवलं. नकाशावर गोल गोल फिरणारं पिवळं विमान, खाली पट्टी: '141 जीव टांगणीला', 'आकाशात थरार'. घिरट्या कशासाठी, हे सांगायला फारसं कुणाला सुचलं नाही. 737 किंवा ए320 या जातीच्या विमानांना हवेत इंधन सोडून देता येत नाही. लांब पल्ल्यासाठी भरलेल्या टाकीसह उतरलं तर वजन जास्त, चाकांवर आणि ब्रेकवर ताण जास्त. म्हणून इंधन जाळून हलकं व्हायचं आणि मग उतरायचं. ते अडीच तास हीच त्या संकटावरची उपाययोजना होती. सव्वाआठच्या सुमारास विमान साध्या विमानासारखं उतरलं. त्या अडीच तासांत शारजात वाट बघणाऱ्या आणि तामिळनाडूत घरी बसलेल्या बायामाणसांनी टीव्हीसमोर काय भोगलं असेल, त्याचा हिशोब कुठल्याच वाहिनीने नंतर मांडला नाही.

ही बातमी तयार कशी होते, तेही सांगतो, कारण आम्ही याच धंद्यात आहोत. विमानांचा माग दाखवणारी अ‍ॅप आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. एखाद्या विमानाने आणीबाणीचा 7700 हा संकेत लावला की मिनिटाभरात जगभरच्या हौशी लोकांना कळतं. कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं. वृत्तसंस्था चार ओळी देते: अमुक विमान, तमुक ठिकाणी सुरक्षित उतरलं, कंपनी म्हणते प्रवाशांची सुरक्षा सर्वोच्च. वेब डेस्कवरच्या पोराला त्या चार ओळींच्या तीनशे शब्दांची बातमी करायची असते आणि शेजारच्या साइटच्या आधी टाकायची असते. तो 'थरार', 'काळजाचा ठोका', 'मोठी दुर्घटना टळली' हे तयार साचे काढतो, अहमदाबादच्या राखेचा जुना फोटो लावतो आणि मोकळा होतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचा पगार क्लिकवर आहे. आमच्याही साइटवर अशा एक-दोन बातम्या गेल्या आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही.

शब्दांचा घोळ तर विचारू नका. 'फुल इमर्जन्सी' जाहीर झाली, असं वाचलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जळतं विमान येतं. प्रत्यक्षात तो विमानतळाचा आतला आदेश असतो: अग्निशमन गाड्या आणि रुग्णवाहिका धावपट्टीजवळ तयार ठेवा. 16 जुलैला दिल्लीहून गोव्याला निघालेलं इंडिगोचं विमान इंजिनाच्या बिघाडामुळे मुंबईत उतरलं. वैमानिकाने 'पॅन पॅन' असा संदेश दिला होता. तातडी आहे पण जिवावरचा प्रसंग नाही, तेव्हा हा संदेश देतात. जिवावरचा असेल तर 'मेडे'. त्या रात्री काही ठिकाणी दोन्ही एकच करून टाकले. दोन्हीत फरक आहे म्हणूनच जगाने दोन शब्द ठेवले आहेत, एवढं तरी लक्षात घ्यायचं.

नोव्हेंबरच्या शेवटी तर कमाल झाली. 28 तारखेला एअरबसने सांगितलं की ए320 जातीच्या सुमारे सहा हजार विमानांच्या एका संगणकातलं सॉफ्टवेअर बदलावं लागेल. सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गाने त्यातली माहिती बिघडू शकते. भारतातली 338 विमानं त्यात होती. बहुतेकांना काही तासांचं काम, जुनं सॉफ्टवेअर परत टाकायचं. दोन दिवसांत ते उरकलंही. दोष सापडला, मोठा अपघात होण्याआधीच सापडला, आणि जगभर एकाच वेळी दुरुस्त झाला. विमान वाहतूक सुरक्षित का आहे याचा इतका चांगला धडा शोधून मिळणार नाही. आमच्या मोबाइलवर आलेला मथळा मात्र असा होता की जणू सूर्यच विमानं पाडायला निघालाय.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही विमान कंपन्यांची वकिली करताय? किरकोळ बिघाड सोडून द्या म्हणताय? अजिबात नाही. खरी तक्रार तर इथूनच सुरू होते.

7 ऑगस्ट 2020. करोनाचा काळ, दुबईत अडकलेल्यांना घेऊन आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोझिकोडला मुसळधार पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. 190 जणांपैकी 21 गेले. चौकशी अहवाल वर्षभराने, सप्टेंबर 2021 मध्ये आला. त्यातली एक गोष्ट आम्ही विसरू शकत नाही: उतरण्याच्या पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा काचेवरचा वायपर अर्ध्या मिनिटाच्या आत बंद पडला. वायपर! रिक्षाला असतो तोच प्रकार. मुख्य कारण अहवालाने वेगळं सांगितलं. ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, विमान स्थिर नसताना उतरवलं गेलं आणि वाऱ्याची दिशाही उलटी होती. पण त्या साखळीत तो वायपर आहे. पावसाळ्यात, डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर, रात्री, वायपर 'किरकोळ' राहत नाही. तेव्हा कुठला बिघाड लहान आणि कुठला मोठा, हे वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. कुठे आणि कधी, यावर ठरतं. आणि तोच वायपर आधीही त्रास देत होता का, वहीत लिहिला होता का, हा प्रश्न अपघाताआधी विचारायचा असतो.

अहमदाबादचंही तेच. 12 जुलैला आलेल्या प्राथमिक अहवालात म्हटलं आहे की उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एकापाठोपाठ 'बंद'कडे गेले. याच अहवालात एक नोंद आहे जिच्याकडे फार कमी लोकांनी पाहिलं. 2018 साली अमेरिकेच्या विमान नियामकाने काही बोईंग विमानांमधल्या इंधन स्विचच्या खटक्याबद्दल एक सूचना काढली होती. ती सक्तीची नव्हती, म्हणून एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती. या सूचनेचा अपघाताशी संबंध आहे, असं अहवाल म्हणत नाही, आणि आम्हीही म्हणणार नाही. पण 2018 साली कुठल्या वर्तमानपत्राने विचारलं होतं की आपल्या देशातल्या किती विमानांत हे स्विच तपासले? 'स्विचच्या खटक्याबद्दल सूचना' याचा मथळा होत नाही. धूर दिसत नाही, प्रवासी रडत नाही, व्हिडिओ नाही.

आणि माणसांचं काय करतात बघा. कोझिकोडला गेलेले कॅप्टन दीपक साठे मराठी, नागपूरचे, हवाई दलातून आलेले. त्या रात्रीच त्यांना प्रवाशांसाठी प्राण देणारा वीर ठरवून टाकलं. वर्षभराने अहवालाने वेगळं चित्र दाखवलं, तेव्हा ती बातमी आतल्या पानात. अहमदाबादच्या विमानाच्या मुख्य वैमानिकाबाबत उलटं. अंतिम अहवाल आलेला नव्हता, पण दोन वाक्यांचं संभाषण फुटलं आणि काही वाहिन्यांनी व परदेशी वृत्तपत्रांनी त्यांना जवळजवळ गुन्हेगार ठरवलं. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अर्धवट माहिती बाहेर जाण्यावर नाराजी दाखवली. नोव्हेंबरमध्ये नव्वदी ओलांडलेल्या त्यांच्या वडिलांना न्यायमूर्तींना सांगावं लागलं की तुमच्या मुलावर ठपका कुणी ठेवलेला नाही, हे ओझं बाळगू नका. एक गेलेला माणूस रात्रीत वीर, दुसरा रात्रीत खलनायक. दोन्ही वेळा अहवाल यायचा होता.

आरोप आधी आणि तपास नंतर, हे आपल्या समाजाला नवं नाही. म्हणून ऑक्टोबर 2024 आठवतो. 14 तारखेला मुंबईहून मस्कतला आणि जेद्दाला जाणाऱ्या विमानांना बॉम्बच्या धमक्या आल्या आणि मग महिनाभर देशात धमक्यांचा सुळसुळाट झाला. त्या वर्षात अशा जवळपास हजार खोट्या धमक्या आल्या, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. पहिल्या दिवशी, मार्ग मस्कत आणि जेद्दाचा म्हटल्यावर, समाज माध्यमांवर काय काय लिहिलं गेलं ते पुन्हा इथे लिहीत नाही. पोलिसांना सापडला तो छत्तीसगडच्या राजनांदगावचा सतरा वर्षांचा मुलगा, मित्राला अडकवण्यासाठी त्याच्या नावाने खातं काढलेला. आता दुसरी बाजूही सांगायला हवी. खबर पडताळून घेण्याची जी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे, ती जुम्याच्या बयानात आपण मान डोलावत ऐकतो. आणि मस्जिदीच्या पायऱ्या उतरताना 'हाजींच्या विमानाला आग' हा व्हिडिओ न बघता तीन ग्रुपवर टाकतो. लखनौच्या त्या चाकातल्या धुराचा व्हिडिओ आमच्याकडे जूनमध्ये निदान चार वेगवेगळ्या शहरांच्या नावाने आला होता.

मग खरी बातमी कुठे होती? 20 जूनला डीजीसीएने एअर इंडियाला कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या लावणाऱ्या तीन अधिकाऱ्यांना त्या कामावरून काढायला सांगितलं. जुलैत ड्युटी, विश्रांती आणि प्रशिक्षणातल्या त्रुटींवरून नोटिसा निघाल्या. ऑगस्टमध्ये संसदीय समितीने सांगितलं की ज्या डीजीसीएने ही सगळी तपासणी करायची, तिथल्याच जवळपास निम्म्या जागा रिकाम्या आहेत. या तिन्ही बातम्या छापल्या गेल्या, पण घिरट्या घालणाऱ्या पिवळ्या विमानासारखी त्यांची रात्रभर चर्चा नाही झाली. थकलेला वैमानिक स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

त्याची किंमत डिसेंबरमध्ये कळली. वैमानिकांना आठवड्याला 36 ऐवजी 48 तास सलग विश्रांती द्यायची आणि रात्रीची उतरणं कमी करायची, या नियमाचा दुसरा टप्पा 1 नोव्हेंबरपासून लागू झाला. नियम येणार हे कंपन्यांना कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीकडे पुरेसे वैमानिक नव्हते. 2 डिसेंबरपासून इंडिगोची उड्डाणं कोसळायला लागली आणि 5 तारखेला एका दिवसात हजाराच्या वर रद्द झाली. लग्नाला निघालेली घरं, परीक्षेला निघालेली मुलं, मुंबई विमानतळावर बॅगांवर झोपली. सरकारला तिकिटाचे कमाल दर ठरवून द्यावे लागले आणि नियमातून इंडिगोला 10 फेब्रुवारीपर्यंत सवलत द्यावी लागली. सवलत कशातून, तर वैमानिकाच्या विश्रांतीतून.

आणि कंपनीचं पहिलं निवेदन काय होतं? कारणांच्या यादीत पहिलंच: किरकोळ तांत्रिक अडचणी. मग हिवाळ्याचं वेळापत्रक, हवामान, गर्दी, आणि सगळ्यात शेवटी नवे ड्युटीचे नियम. वर्षभर माध्यमांनी किरकोळ बिघाडाला संकट केलं. कंपनीने संकटाला किरकोळ बिघाड केलं. तोच शब्द, सोयीप्रमाणे ताणलेला आणि आकसलेला. आणि सुरुवातीच्या दिवशी कित्येक साइट्सनी ते निवेदन जसंच्या तसं लावलं.

आता परत आपल्या रुळांवर. 9 जूनच्या त्या वळणावर काय झालं, यावर सहा महिन्यांनंतरही एकमत नव्हतं. रेल्वेचा भर प्रवाशाच्या पाठीवरच्या बॅगेवर. ठाणे रेल्वे पोलिसांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या अहवालाचा आधार घेत रुळांच्या देखभालीतल्या हलगर्जीसाठी दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. त्याच्या निषेधार्थ 6 नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीएसएमटीला कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं, गाड्या खोळंबल्या, लोक रुळांवर उतरून चालू लागले आणि सँडहर्स्ट रोडजवळ लोकलची धडक बसून त्यातले दोघे मेले. म्हणजे अपघाताच्या चौकशीवरून झालेल्या आंदोलनात पुन्हा प्रवासीच गेले. ही बातमी किती दिवस चालली? आम्ही मोजलं नाही, पण आठवडा पुरला नसेल.

मुंबई उच्च न्यायालयात जूनमध्येच लोकलच्या मृत्यूंचा विषय निघाला होता, तेव्हा खंडपीठ म्हणालं की रोज सरासरी दहा मृत्यू ही चिंताजनक अवस्था आहे. रोज दहा. महिन्याला तीनशे. म्हणजे एक पूर्ण भरलेलं मोठं विमान दर महिन्याला, आणि तेही फक्त मुंबईच्या लोकलमध्ये. सिग्नलचा बिघाड, पेंटोग्राफ तुटला, दिव्याला रूळ तडकला, कळव्याला गाडी थांबून राहिली: हे सगळे 'तांत्रिक बिघाड'च आहेत. पण त्यांची बातमी 'मध्य रेल्वे विस्कळीत, चाकरमान्यांचे हाल' एवढी एक ओळ. गाडी वीस मिनिटं उशिरा येते, पुढच्या गाडीला दुप्पट गर्दी होते, दारात दोन माणसं जास्त लटकतात, वळण येतं. हा धागा कुणी जोडत नाही. विमानाला परत फिरण्याची मुभा आहे. 9:10 ची गाडी गर्दी जास्त आहे म्हणून दिव्याहून मागे फिरलेली आम्ही तरी ऐकली नाही.

विमानाची सुरक्षा लोकलइतकी स्वस्त करा, असं आमचं म्हणणं नाही. विमानातल्या दिव्याची जशी नोंद होते, डीजीसीएला कळवावं लागतं, संसदेत मंत्र्याला कंपनीवार आकडा द्यावा लागतो, तशी कल्याण-ठाणे मार्गावरच्या प्रत्येक बिघाडाची, प्रत्येक पडलेल्या प्रवाशाची नोंद स्टेशनवार, महिनावार लोकांसमोर का येत नाही, एवढाच प्रश्न आहे. ठाणे आणि कल्याणच्या खासदारांनी तो लोकसभेत लेखी विचारावा. उत्तर जे येईल ते आम्ही इथे छापू.

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. मुंब्रा, कळवा, डोंबिवलीच्या लोकांना तो विमानतळ अंधेरीपेक्षा सोयीचा पडेल. (एके काळी याच विमानतळाला पर्याय म्हणून कल्याणचं नाव चर्चेत होतं, नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, पण तो विषय वेगळा.) नवा विमानतळ, नव्या यंत्रणा म्हटल्यावर पहिल्या महिन्यांत काही ना काही अडेलच. कुठलं तरी विमान परत फिरेल, बॅगांचा पट्टा बंद पडेल, आणि लाल पट्ट्या पुन्हा झळकतील. तेव्हा पहिल्यांदा एवढंच बघा: विमान हवेत होतं की जमिनीवर, कुठली यंत्रणा ते लिहिलंय की नुसतंच 'बिघाड', त्याच विमानाला आधी हाच त्रास झाला होता का. बातमीत यातलं काहीच नसेल तर ती खालांना पाठवू नका.

मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने जाहीर केलं होतं की आपोआप बंद होणाऱ्या दारांची पहिली साधी, म्हणजे वातानुकूलित नसलेली लोकल नोव्हेंबरपर्यंत तयार होईल आणि चाचण्या होऊन जानेवारी 2026 मध्ये धावेल. ती गाडी मुंब्र्याच्या फलाटावर लागते का, हे बघायला आम्ही तिथे जाणार आहोत.